वगळलेली ओळ

मागच्या शुक्रवारची गोष्ट. हापिसातून जेमतेम साडेआठला सुटलो. वीकांताचा प्लॅन ठरलेला होता: ‘मानवत मर्डर्स’ एका बैठकीत संपवायची. सोनी लिव्हवर ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली ही मालिका, पण आमची बघायची राहूनच गेली होती. फ्लॅटवर आम्ही चौघं. मी सातारचा, सच्या सांगलीचा (त्यामुळे घरात भडंग कधी संपत नाही), आणि उरलेले दोघे विदर्भातले. चौघंही इंजिनिअर, म्हणजे जगातल्या कुठल्याही विषयावर मत देण्याचा परवाना खिशात.

पहाटे तीन-सव्वातीनला आठवा भाग संपला. आशुतोष गोवारीकर रमाकांत कुलकर्णी झालाय, मकरंद अनासपुरे उत्तमराव बारहाते आणि सोनाली कुलकर्णी रुक्मिणी. अनासपुरेला असा कधी बघितलाच नव्हता, मान गये. परभणी जिल्ह्यातलं मानवत, नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात झालेले दहा खून, गुप्तधन, मूल होण्यासाठी दिलेले बळी. अंगावर काटा येतो.

बघितलेल्या गोष्टीबद्दल वाचल्याशिवाय मला झोप येत नाही, म्हणून मोबाईल काढला आणि मोठ्याने वाचून दाखवलं: खालच्या कोर्टाने उत्तमराव आणि रुक्मिणीला दोषी धरलं, मुंबई उच्च न्यायालयाने दोघांना सोडलं, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सोडणं कायम ठेवलं.

सच्या भडंगाचा बोकाणा भरत म्हणाला, "सुटणारच की लगा. पैसेवाला माणूस. पैसा असला की सुटतंय माणूस."

आम्ही तिघांनी माना डोलावल्या आणि झोपायला गेलो. पण गादीवर पडल्यावर एक गोष्ट टोचायला लागली. तीन पातळ्यांवरच्या कोर्टांनी काही वर्षं खपून जे ठरवलं, ते आम्ही चौघांनी सहा-सात तासांत उलटवलं होतं. आणि चौघांपैकी एकानेही "का सोडलं?" हा प्रश्न विचारला नव्हता. हापिसात कोणी "बग सुटला" म्हणून मेल टाकला तर पहिला प्रश्न "कशाने सुटला?" असा विचारणारे आम्ही!

शनिवारी दुपारी मग मी तो निकालच वाचायला घेतला. ‘दगडू आणि इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, १९७७. जालावर फुकट आहे. (हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्याकडचे जुने निकाल वाचायला वकील असावं लागत नाही, फक्त चिकाटी लागते, आणि चहा.) केस बरीचशी उभी होती माफीच्या साक्षीदारांवर आणि कबुलीजबाबांवर. आता माफीचा साक्षीदार म्हणजे जो स्वतः गुन्ह्यात होता आणि दुसऱ्यांची नावं सांगण्याच्या बदल्यात सुटणार आहे, तो. त्याच्या बोलण्याला बाहेरून कुठून तरी, स्वतंत्रपणे, दुजोरा मिळाला पाहिजे, असा कोर्टाचा जुना दंडक. आणि कबुलीजबाब नोंदवताना मॅजिस्ट्रेटने जी काळजी घ्यायची असते, म्हणजे हा माणूस कुणाच्या धाकाने बोलत नाहीये ना हे विचारून, खात्री करून घेणं वगैरे, ती नीट घेतली गेली नव्हती. इतर काही आरोपींच्या शिक्षा टिकल्या. त्या दोघांच्या बाबतीत मात्र पुरावा तेवढा भरला नाही.

म्हणजे ते निर्दोष होते का? मला माहीत नाही, आणि त्या निकालातूनही ते कळत नाही. कोर्ट "याने केलं नाही" असं सहसा म्हणतच नाही. "केलं हे सिद्ध झालं नाही" एवढंच म्हणतं. या दोन वाक्यांमध्ये जी जागा आहे तिथे मालिका उभी राहूच शकत नाही, कारण कॅमेऱ्याला काहीतरी दाखवावं लागतं. एकदा अनासपुरेला त्या नजरेने बघताना दाखवलं की झालं, संपला विषय. शेवटी पडद्यावर निकालाची पाटी लावा नाहीतर लावू नका.

मालिकेत खोटं काही आहे असं माझं म्हणणं नाही. ती रमाकांत कुलकर्णींच्या आठवणींच्या पुस्तकावर बेतलेली आहे. रामन राघवचा तपास करणारे तेच हे कुलकर्णी, नावाजलेले अधिकारी. पण तपास अधिकाऱ्याची गोष्ट आरोपी सापडला की संपते. कोर्टाची गोष्ट तिथे सुरू होते. तुम्ही अधिकाऱ्याच्या खांद्यावरून बघत असाल तर उच्च न्यायालयाचा निकाल हा तुम्हाला अँटिक्लायमॅक्सच वाटणार. कोणीतरी पेपर फोडल्यासारखा.

इथे एक कबुली देतो, कारण तिच्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या टीमचं प्रॉडक्शन पडलं. शनिवारी रात्री, चार तास. क्लायंट परदेशातला, तिकडे आरडाओरडा. सोमवारपर्यंत आरसीए द्यायचा होता. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रूट कॉज अ‍ॅनालिसिस. काय झालं, कधी झालं, कशामुळे झालं, याचा दोन पानी अहवाल.) तो मी लिहिला. त्या रात्री एका नवीन मुलाने, कॉलेजमधून येऊन आठ महिने झालेल्या, एक बदल प्रॉडक्शनवर टाकला होता. नऊ वाजून दहा मिनिटांनी बदल, नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी सिस्टीम आडवी. याहून सरळ गोष्ट काय असणार?

लॉग्जमध्ये मात्र आणखी एक ओळ होती. आठ वाजून एकेचाळीस मिनिटांनी डेटाबेसची कनेक्शन्स संपत आल्याची वॉर्निंग. म्हणजे पोराने बदल टाकायच्या अर्धा तास आधी. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी ती घेतली होती. मग मॅनेजर म्हणाला, "टाइमलाइन जरा क्लीन कर, क्लायंट गोंधळतो." मलाही वाटलं, ही वॉर्निंग अधूनमधून येतच असते, कशाला उगाच. काढून टाकली.

त्या अहवालात एकही खोटं वाक्य नव्हतं. प्रत्येक वेळ, प्रत्येक आकडा बरोबर. पण त्याला त्या वर्षी खालचं रेटिंग मिळालं आणि चार महिन्यांत तो सोडून गेला. पुढे पाच महिन्यांनी तसंच प्रॉडक्शन पुन्हा पडलं, तेव्हा कोणीच काही बदल टाकला नव्हता. कनेक्शन्सचाच घोळ होता.

तर सांगायचा मुद्दा असा की, पक्षपात म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोणीतरी खोटं बोलणारा, मिशीला पीळ देणारा माणूस येतो. प्रत्यक्षात तो माझ्यासारखा दिसतो. डेडलाइन असलेला, गोष्ट "क्लीन" करणारा.

आता नाशिककडची एक केस सांगतो. हिच्यावर आठ भागांची मालिका झालेली माझ्या बघण्यात नाही. ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ शेतातल्या एका वस्तीवर दरोडा पडला. घरातली पाच माणसं मारली, बलात्कार झाले. वाचले दोघंच, घरातली बाई आणि तिचा मुलगा. पोलिसांनी भटक्या समाजातल्या सहा जणांना पकडलं. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही परत फाशी दिली. म्हणजे सहाच्या सहा फासावर जाणार होते.

आणि मग ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. आधीचा स्वतःचा निकाल मागे घेऊन, पुन्हा सुनावणी करून. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली, आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करायला सांगितली. सोळा वर्षं गेली होती. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

कोर्टाला खटकलेल्या गोष्टींतली सगळ्यात मोठी कोणती होती? घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जूनला, वाचलेल्या त्या बाईला पोलिसांच्या दफ्तरातले गुन्हेगारांचे फोटो दाखवले गेले. तिने त्यातल्या चौघांना ओळखलं. हे सहा जण नव्हेत, वेगळे चौघं. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर त्याची नोंद झालेली होती. त्या चौघांवर पुढे खटला नाही, काही नाही. ती नोंद कागदपत्रांत नुसती पडून राहिली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आठ वाजून एकेचाळीस मिनिटांची माझी वॉर्निंग आठवली. तुलना अर्थातच चुकीची आहे. तिकडे फाशी, इकडे रेटिंग. पण कागदावरची क्रिया तीच.

या केसवर उद्या कोणी डॉक्युमेंटरी काढली तर ती कशी असेल हे मी आत्ता सांगू शकतो. तुरुंगाचं दार, बाहेर पडणारे सहा जण, गावाकडची आई, सतार. (हल्ली सगळीकडे पियानो असतो, असो.) आणि ते सगळं खरंच असेल, सोळा वर्षं म्हणजे काही गंमत नाही. पण मला वाटतं त्या गोष्टीत सगळ्यात जास्त अन्याय ज्या बाईवर झाला तिचं काय करणार? तिच्या घरातली पाच माणसं गेली. तिने दोन दिवसांत, त्या अवस्थेत, चार चेहरे ओळखून दिले होते. तिचं ऐकून पुढे काही केलंच नाही. आणि सोळा वर्षांनी तिला कळतं की ज्यांना धरलं होतं त्यांच्यावरचा आरोप टिकला नाही. ती कुठल्या बाजूची? डॉक्युमेंटरीवाल्यांच्या डोक्यात दोनच बाजू असतात, पोलीस आणि आरोपी. ती दोन्हीत बसत नाही, म्हणून तिला मेणबत्तीच्या उजेडात दोन मिनिटं रडायला देतात आणि पुढे सरकतात.

हाच प्रश्न ११ जुलै २००६ च्या मुंबईच्या लोकल बॉम्बस्फोटांबाबत आत्ता आपल्यासमोर आहे. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशी. तेरावा, वाहिद शेख, सुटला. त्याने तुरुंगातल्या अनुभवावर पुस्तक लिहिलं, २०२२ मध्ये ‘हिमोलिम्फ’ नावाचा सिनेमाही आला. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना सोडलं. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात टाकलं नाही. त्या आठवड्यात माझ्या मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज येत होते. एक गट म्हणे बघा, निरपराध अडकवले होते. दुसरा म्हणे बघा, अतिरेकी सुटले. निकाल कोणीच वाचला नव्हता, दोन्हीकडे. १८० च्या वर माणसं मेली होती, त्यांच्या घरच्यांना कोणी काय सांगायचं याबद्दल एकही फॉरवर्ड आला नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण मी स्वतः तिकडेही तोंडावर आपटलोय.

२०१५ च्या डिसेंबरात ‘मेकिंग अ मर्डरर’ आली तेव्हा मी सांगलीत वालचंदला पहिल्या वर्षाला होतो. विश्रामबागेत खोली होती. आम्ही सहा जण एका लॅपटॉपभोवती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला स्टीव्हन एव्हरी. न केलेल्या गुन्ह्यासाठी अठरा वर्षं आत, २००३ मध्ये डीएनएमुळे सुटका, आणि दोनच वर्षांनी एका तरुणीच्या खुनात पुन्हा अटक. २००७ मध्ये शिक्षा. दहा भाग संपेपर्यंत आमची खात्री पटली होती की पोलिसांनी अडकवलंय. अमेरिकेत लाखाच्या वर लोकांनी व्हाइट हाउसकडे माफीसाठी अर्ज केला. (उत्तर आलं की राज्याच्या खटल्यात राष्ट्राध्यक्षाला माफी देता येत नाही. दहा तास कोर्ट बघून लोकांना एवढंही कळलं नव्हतं, हे त्या मालिकेबद्दल बरंच काही सांगतं.) मी तर महिनाभर मेसमध्ये कोणालाही पकडून एव्हरी समजावत होतो.

मग हळूहळू कळलं. मयत तरुणीच्या गाडीच्या बॉनेटच्या खटक्यावर एव्हरीचा डीएनए सापडला होता, सरकारी वकिलाच्या केसमधला महत्त्वाचा पुरावा. पहिल्या दहा भागांत तो नाहीच. आणि एका पोलिसाची साक्ष. वकील विचारतो, तुमचं हे फोनवरचं बोलणं ऐकून एखाद्याला वाटेल ना की तुम्ही त्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघतच बोलताय? पडद्यावर पोलीस म्हणतो, हो. ते "हो" कोर्टात दुसऱ्याच प्रश्नाला दिलेलं होतं. त्या पोलिसाने नेटफ्लिक्सवर बदनामीचा दावा लावला, २०२३ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. कायद्याने बदनामी झाली नाही, ठीक आहे. पण मी प्रेक्षक म्हणून फसलो ते फसलोच. त्यानंतर २०२३ मध्येच उलट बाजूने ‘कन्व्हिक्टिंग अ मर्डरर’ नावाची मालिका आली, तीही तितकीच खात्रीने बोलणारी. म्हणजे एका वगळलेल्या ओळीला उत्तर म्हणून दुसऱ्या वगळलेल्या ओळी.

एव्हरीने खून केला का? पुन्हा तेच, मला माहीत नाही. पण २०१५ मध्ये मला माहीत होतं, हा प्रॉब्लेम आहे.

तरी अशा फिल्म्स नकोतच असं मी म्हणणार नाही. एरॉल मॉरिसच्या १९८८ सालच्या ‘द थिन ब्लू लाइन’मुळे रँडल अ‍ॅडम्स नावाचा माणूस पुढच्या वर्षी सुटला, एका पोलिसाच्या खुनाच्या आरोपाखाली बारा वर्षं आत काढून. त्यातली गंमत अशी की मॉरिस तो प्रसंग पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या साक्षीदारांच्या सांगण्यानुसार दाखवतो. प्रत्येकाचं म्हणणं थोडं वेगळं. बघता बघता कळतं की या साक्षी एकमेकींना जुळतच नाहीत.

रविवारी सकाळी साताऱ्याला गेलो. खंबाटकीत नेहमीप्रमाणे तासभर अडकलो. दुपारी जेवताना आईला हे सगळं सांगत होतो, तर शेजारच्या काकू आल्या. विषय ओघाने ‘देवमाणूस’वर गेला. साताऱ्यात हा विषय निघणार नाही असं होतच नाही.

वाईची केस तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट २०१६ मध्ये संतोष पोळ नावाच्या डॉक्टरला अटक झाली. त्याने सहा खुनांची कबुली दिल्याचं पोलिसांनी सांगितलं, धोमला जमीन खणून मृतदेह काढले. आमच्याकडे त्या आठवड्यात पेपर पुरत नव्हते. त्याच्यासोबतची नर्स पुढे माफीची साक्षीदार झाली. २०२० मध्ये झी मराठीवर ‘देवमाणूस’ सुरू झाली तेव्हा खटला साताऱ्याच्या सत्र न्यायालयात चालू होता. मालिकेत नावं वेगळी, सुरुवातीला पाटी वगैरे. पण ही कोणाची गोष्ट आहे हे वाईपासून कराडपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

काकू म्हणाल्या, "अरे त्याने तिला कसं मारलं माहितीये ना? आधी गोड बोलून..." आणि त्यांनी एक अख्खा प्रसंग सांगितला.

मी म्हटलं, "काकू, हे मालिकेत होतं का पेपरात?"

त्या थांबल्या. "आता ते काय सांगता यायचं बाबा. पण तसंच झालं असणार ना."

काकू साक्षीदार नाहीत, त्यामुळे बिघडलं काही नाही. पण त्या खटल्यात जे कोणी साक्षीदार असतील तेही याच जिल्ह्यात राहतात आणि रात्री साडेदहाला त्यांच्याही घरी टीव्ही असतो. स्वतः बघितलेलं आणि वर्षभर रोज पडद्यावर बघितलेलं, यातली गाठ कोर्टात कोण सोडवणार? आणि गंमत म्हणजे यात नुकसान फक्त आरोपीचं नाही. उद्या बचाव पक्षाचा वकील उठून म्हणू शकतो की, साहेब, हा साक्षीदार झी मराठी सांगतोय. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांचंही यात नुकसानच आहे.

मी हे बोललो तर आई म्हणाली, "तुला त्याचा एवढा पुळका कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. पुळका नाहीये. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ म्हणून होता, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३ म्हणून आहे. इंग्रजांनासुद्धा स्वतःच्या पोलिसांवर तेवढा भरवसा नव्हता. का, ते सांगलीकरांना विचारा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. पोलिसांनी आधी सांगितलेली गोष्ट काय होती? आरोपी पळून गेला. नंतर उघड झालं ते भयंकर होतं, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचा गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला.

पण "कबुली दिली" हे दोन शब्द मालिकेत, बातमीत, डॉक्युमेंटरीत असे येतात की जणू पुढे काही उरलंच नाही.

आणि पहिली गोष्ट किती पटकन पक्की होते ते बघायचं तर म्हैसाळ. २० जून २०२२, मिरज तालुका, एकाच कुटुंबातले नऊ जण दोन घरांमध्ये मृतावस्थेत. सच्याचं आजोळ तिथून दहा किलोमीटरवर. पहिल्या दिवशीची गोष्ट: कर्जबाजारीपणा, सावकारी जाच, सामूहिक आत्महत्या. चिठ्ठ्या सापडल्या, पंचवीस जणांवर गुन्हा, अटका झाल्या, चॅनेलवर सावकारीवर चर्चा. सगळं चपखल बसत होतं. आठवडाभरात पोलिसांनीच सांगितलं की हा विषप्रयोग आहे, गुप्तधन शोधून देतो म्हणणाऱ्या मांत्रिकाने केलेला खून. मानवतनंतर पन्नास वर्षांनी पुन्हा गुप्तधन! आता त्या आठ दिवसांत कोणी डॉक्युमेंटरीचं शूटिंग सुरू केलं असतं तर? मुलाखती, ड्रोन शॉट, सावकारांची घरं... आणि फंडिंग मिळालेलं असताना आठव्या दिवशी गोष्ट बदलली म्हणून किती जणांनी सगळं फुटेज टाकून दिलं असतं? मी तर शनिवार-रविवारात लिहिलेला दोन पानी आरसीए बदलला नाही.

मग उपाय काय, बंदी? मुळीच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शीना बोरा प्रकरणावरची नेटफ्लिक्सची इंद्राणी मुखर्जीवरची डॉक्युमेंटरी थांबवायला सीबीआय उच्च न्यायालयात गेली होती, खटला चालू आहे म्हणून. न्यायाधीशांनी ती आधी स्वतः बघितली आणि मग अर्ज फेटाळला, यात खटल्याला बाधा येईल असं काही नाही म्हणून. मला हे योग्य वाटलं. बघायच्या आधी बंदी मागणं हाही एक प्रकारचा निकाल न वाचता मत देण्याचा प्रकार आहे.

आणि दोन्ही बाजूंना समान वेळ हाही उपाय नाही. "याला वीस मिनिटं, त्याला वीस मिनिटं" हे वक्तृत्व स्पर्धेत ठीक. नाशिकच्या केसमध्ये त्या चार फोटोंची नोंद हीच जर वगळली, तर बाकी वेळ कितीही समान वाटा, काय उपयोग? मला हवंय ते फार साधं आहे. ज्याने फिल्म केली त्याने, त्याच्या स्वतःच्या गोष्टीला सगळ्यात जास्त अडचणीचा ठरणारा पुरावा कोणता, तो पडद्यावर आणावा. शेवटच्या पाटीवर बारीक अक्षरात नको, मधोमध, नीट वेळ देऊन. आरोपी निर्दोष वाटतो म्हणणाऱ्याने तो बॉनेटवरचा डीएनए दाखवावा. पोलिसांची गोष्ट सांगणाऱ्याने उच्च न्यायालयाने का सोडलं याला एक अख्खा भाग द्यावा. कोणी बोलायला नकार दिला आणि कोणी आपल्याला घरात घेतलं, हेही सांगावं. ज्याने घरात घेतलं त्याच्या खांद्यावरून आपण बघत असतो, हे किमान कळू तरी दे.

मालिका थोडी कमी रंगेल, हे मान्य. मानवतचा तो भाग खरं तर रंगू शकेल असं माझं मत आहे. एक साक्षीदार, जो स्वतः त्यात होता, पिंजऱ्यात उभा आहे, आणि न्यायाधीश ठरवतायत की याच्या शब्दावर एका माणसाला फासावर चढवायचं का. हे नाट्य नाही तर काय आहे?

रविवारी रात्री परत आलो. सच्याला निकालाची लिंक पाठवली होती, त्याने वाचली असेल असं वाटलं नव्हतं, पण पठ्ठ्याने अर्धी वाचली होती. म्हणाला, "लय किचकट हाय. पण अजून मला वाटतंय त्यानंच केलं." मी म्हटलं, वाटू दे. "पण ते पैसे खाऊन सुटला म्हणत होतो ते जरा चुकलंच." एवढं बोलून तो भांडी घासायला गेला. त्याची पाळी होती.

त्या मुलालाही मी शेवटी मेसेज केला. तो आता हैदराबादला असतो. वॉर्निंगबद्दल सगळं लिहिलं, ड्राफ्टमध्ये होती आणि मी काढली हेही. रात्री अकराला उत्तर आलं: "सर, मला तेव्हाच माहीत होतं. मी त्या मीटिंगमध्ये सांगितलं पण होतं."

मला ते अजिबात आठवत नाही.